एक दंश, दोन दुखणी

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या उत्तरेला, वेळणेश्वर हे गाव आहे. समोर समुद्र, काठाला नारळी-पोफळीच्या बागा, शंकराचे देऊळ आणि मागे जांभ्या दगडाचा सडा. कोकणपट्टीतल्या अशा कोणत्याही गावात विंचवाला राहायला जागा शोधावी लागत नाही. जांभ्याचे गडगे, सरपणाचा ढीग, पेंढ्याची उडवी, परसात रचलेली नारळाची सोडणे. सगळीकडे फटी, सावली आणि किड्यांचे आयते खाद्य. उन्हाळ्याच्या रात्री तो बाहेर पडतो. सरपण काढताना, अंधारात चप्पल घालताना किंवा पडवीत झोपलेले असताना मुलांना दंश होतो.

कोकणातल्या माणसाला दोन विंचू ठाऊक असतात. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा. तो दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने सहसा दुखण्यापलीकडे काही होत नाही. दुसरा बोटाएवढा, तांबूस, बारीक नांग्यांचा. शास्त्रज्ञ त्याला पूर्वी मेसोब्युथस टॅम्युलस म्हणत, आता हॉटेंटोटा टॅम्युलस म्हणतात. १७९८ साली फॅब्रिशियसने त्याचे वर्णन केले. भारतात विंचूदंशाने जी मुले दगावली, त्यांतली बहुतेक या लहानग्या लाल विंचवाची बळी आहेत.

आता असे समजा की आठ वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावला. तासाभरात त्याला उलट्या होऊ लागल्या, अंग घामाने थबथबले, तोंडातून लाळ गळू लागली आणि ते पोट धरून रडू लागले. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरपुढे खरा प्रश्न विष कसे उतरवायचे हा नसतो. आता कोणता अवयव बिघडणार, हा असतो. विंचवाच्या विषाने जगात मुख्यतः दोन प्रकारचे गंभीर उपद्रव झालेले दिसतात. एकात हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी होते. दुसऱ्यात पोटातले स्वादुपिंड सुजते, म्हणजेच तीव्र स्वादुपिंडदाह होतो. सुरुवातीच्या लक्षणांत दोघांचा चेहरा बराच सारखा. उपचार मात्र जवळजवळ उलटे. स्वादुपिंडदाहात मुलाला शिरेतून भरपूर सलाईन द्यावे लागते. फुफ्फुसात पाणी होऊ घातलेल्या मुलाला तेच सलाईन सढळ हाताने दिले तर ते त्यात बुडून मरेल. हा फरक ओळखायला वैद्यक कसे शिकले, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी आधी कोकणातून बरेच लांब जावे लागेल.

वेस्ट इंडीजमधले त्रिनिदाद हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. १८४५ पासून तिथे भारतातून करारावर मजूर नेले गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे मोठ्या संख्येने आहेत. उसाच्या आणि नारळाच्या मळ्यांत काम करणाऱ्यांना तिथला टिटियस ट्रिनिटॅटिस हा काळसर विंचू चावे. १९३८ साली वॉटरमन या डॉक्टरांनी तिथल्या विंचूदंशांवर एक निबंध प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये पून-किंग आणि एका निबंधातून पुढे आले: दंशानंतर तिथल्या काही रुग्णांच्या हृदयाचे स्नायूही बिघडतात. आणि १९७० मध्ये कोर्टनी बार्थोलोम्यू यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले, की विंचू चावलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांत तीव्र स्वादुपिंडदाहाचा पुरावा सापडला. पाश्चात्त्य देशांत या रोगाची मुख्य कारणे म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. त्रिनिदादमध्ये त्या यादीत एक विंचू जाऊन बसला! जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ही गोष्ट पुढे तोंडपाठ झाली. गंमत अशी की त्यांतल्या फार थोड्यांनी आयुष्यात तो विंचू पाहिला असेल.

बार्थोलोम्यू यांना हे कळले कसे? रुग्णांची पोटे उघडून त्यांनी स्वादुपिंड पाहिले नव्हते. त्यांच्या हाताशी एक चाचणी होती आणि तिचा इतिहास आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेशी थेट जोडलेला आहे.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली ग्रंथी. तिची नलिका १६४२ साली इटलीतल्या पादुआ इथे विरसुंगला सापडली, पण त्या नलिकेतून वाहते काय आणि त्याचे काम काय, याचा उलगडा व्हायला दोनशे वर्षे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बर्नारने दाखवले, की स्वादुपिंडाचा रस मेदाचे पचन करतो. त्याच रसात प्रथिने पचवणारी आणि पिष्ट पचवणारी विकरेही असतात. इतकी जहाल रसायने पोटात बाळगून ही ग्रंथी स्वतः पचून जात नाही, कारण प्रथिने पचवणारी विकरे ती निष्क्रिय रूपात साठवते. आतड्यात पोचल्यावरच ती कामाला लागतात. हा बंदोबस्त मोडला की काय होते, ते १८९६ मध्ये प्रागच्या किआरीने सांगितले: ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. स्वादुपिंडदाहाचे मर्म आजही तेच मानले जाते.

रोगाचे चित्र त्याच्या थोडे आधी स्पष्ट झाले होते. १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने तोवरच्या नोंदी जमवून दाखवले, की पोटाच्या वरच्या भागात अचानक असह्य दुखणे, उलट्या आणि मग रुग्णाचे गळून जाणे यांवरून हा रोग जिवंतपणी ओळखता येतो. त्याआधी तो बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जाई. पण पोटदुखी आणि उलट्या तर आतड्याला पीळ पडला तरी होतात आणि जठराला भोक पडले तरी. खात्री कशी करायची?

ती सोय १९०८ मध्ये बर्लिनच्या वोलगेमुटने केली. स्वादुपिंडाला इजा झाली की त्यातले पिष्ट पचवणारे विकर रक्तात सांडते. या विकराला तेव्हा डायस्टेज म्हणत, आपण अमायलेज म्हणतो. त्याचा रेणू मूत्रपिंडाच्या गाळणीतून जाऊ शकतो, म्हणून ते लघवीतही उतरते. वोलगेमुटने एका ओळीत परीक्षानळ्या मांडल्या, त्यांत लघवी पायरीपायरीने पातळ करत नेली, प्रत्येकीत सारखेच पिष्ट घातले, त्या ऊबेत ठेवल्या आणि शेवटी प्रत्येकीत आयोडीन टाकले. जिथवर विकर पुरले तिथवर पिष्ट नाहीसे झाले होते, म्हणून निळा रंग आला नाही. जिथे विकर कमी पडले, तिथून निळ्या नळ्यांची रांग सुरू झाली. किती पातळ केल्यावर निळा रंग येतो यावरून विकर किती आहे ते कळले. एवढीच चाचणी!

हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येतो. तांदळाची पातळ पेज गाळून घ्यावी. एका नळीत लाळ आणि पाणी समभाग घ्यावे, दुसरीत त्याच्या निम्म्या तीव्रतेचे, तिसरीत त्याच्याही निम्म्या, अशा सात-आठ नळ्या कराव्यात. शेवटची नळी नुसत्या पाण्याची ठेवावी; तिच्यावाचून बाकीच्यांचा अर्थ लागत नाही. सगळ्यांत सारखी पेज घालून त्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि मग टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. लाळेतही अमायलेज असते, म्हणून लघवीची गरज नाही. प्रत्येकाने आपलीच लाळ वापरावी आणि नळ्या स्वतः धुवाव्यात. वर्गातल्या दोन मुलांची निळ्या रंगाची सीमा एकाच नळीवर पडत नाही, हे पाहून मुले चर्चा सुरू करतील. ती होऊ द्यावी.

लाळेतही तेच विकर असते, ही गोष्ट आपल्या प्रश्नात पुन्हा येणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवू.

१९२९ मध्ये अमेरिकेत एल्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी रक्तावर सुरू केली. पुढची कित्येक वर्षे ‘रक्तातले अमायलेज वाढले, म्हणजे स्वादुपिंडदाह’ हे समीकरण रूढ झाले. या समीकरणाने पुष्कळ जीव वाचवले, कारण उगाच पोटे फाडणे थांबले. पण त्यात दोन उणिवा होत्या आणि मुलांच्या बाबतीत त्या दोन्ही अधिक नडतात.

पहिली उणीव अशी की अमायलेजचा आकडा रोग आहे एवढे सुचवतो, रोग किती गंभीर आहे ते सांगत नाही. नेहमीच्या दहापट आकडा असलेले मूल आठवड्यात खेळायला लागते आणि तिप्पट आकड्याचे मूल अतिदक्षता विभागात जाते. शिवाय हा आकडा तीन ते पाच दिवसांत खाली येतो. उशिरा दवाखान्यात पोचलेल्या मुलाचे अमायलेज अगदी नेहमीसारखे निघू शकते. तान्ह्या मुलांत तर ते मुळातच कमी असते. मेद पचवणारे लायपेज जास्त दिवस वाढलेले राहते, म्हणून आता त्यावर अधिक भर असतो.

दुसरी उणीव म्हणजे, आकडा वाढला तरी ते विकर स्वादुपिंडाचेच असेल असे नाही. गालगुंडात ते लालाग्रंथींतून येते. विंचूदंशातही लालाग्रंथी जोरात चेतवल्या जातात; लाळ गळते ती उगाच नाही. त्यामुळे विंचू चावलेल्या मुलाचे अमायलेज वाढलेले दिसले, तर ते लाळेचे की स्वादुपिंडाचे, हे विचारलेच पाहिजे. १९९१ मध्ये इस्रायलमधल्या सोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळा विंचू चावलेल्या मुलांतल्या स्वादुपिंडदाहावर निबंध लिहिला. स्वादुपिंडाला होणारी इजा ही त्रिनिदादपुरती गोष्ट नाही आणि मोठ्या माणसांपुरतीही नाही, हे त्याने पुढे आले.

आज मुलांत या रोगाचे निदान करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: त्या जातीची पोटदुखी, अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या निदान तिप्पट आणि सोनोग्राफी वा तत्सम चित्रात सुजलेले स्वादुपिंड. लहान मुलांच्या रोगासाठी एकत्र आलेल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ मध्ये ही व्याख्या मांडली. पहिली अट वाचायला सोपी वाटते. पण तीन वर्षांच्या मुलाला कुठे दुखते ते सांगता येत नाही. ते पाय पोटाशी घेऊन रडते, खायला नको म्हणते, ओकत राहते. घरचे म्हणतात अपचन झाले आणि ओवा देतात. मुलांमधली कारणेही मोठ्यांहून वेगळी: सायकलवरून पडताना हँडल पोटात रुतणे, काही औषधे, पित्तनलिकेतले जन्मजात दोष, पित्तखडे, काही घराण्यांत चालत आलेले जनुकीय दोष आणि आपल्याकडे कधी कधी पित्तनलिकेत शिरलेला जंतदेखील.

निदान झाले तरी ती निम्मीच लढाई. पुढचे उपद्रव ओळखणे हा खरा अवघड भाग. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॅन्सनने रोगाची तीव्रता आधी ओळखण्यासाठी अकरा खुणांची यादी केली. काही रुग्ण दाखल होतानाच्या, बाकीच्या पुढच्या ४८ तासांतल्या. ती फार गाजली. पण तिच्यातली एक खूण होती ‘वय ५५ च्या वर’. मोठ्यांसाठी शिवलेला अंगरखा मुलाच्या अंगात घालायचा हा प्रकार, आणि तो बरीच वर्षे चालला. मुलांसाठी वेगळी गुणपद्धती २००२ मध्ये आली. तीही पुरेशी नेमकी नाही असे नंतर आढळले. रॅन्सनच्या यादीतले टिकले ते मात्र महत्त्वाचे होते. एकदा पाहून भागत नाही, ४८ तास पाहत राहावे लागते, ही ती गोष्ट.

या ४८ तासांत काय पाहायचे? सुजलेल्या स्वादुपिंडाभोवती रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपत जाते. माणूस बाहेरून कोरडा दिसतो आणि आत पाणी साचलेले असते. रक्त दाट होते, नाडी वेगाने चालते, लघवी कमी होते. म्हणून तासातासाला नाडी मोजणे आणि लघवी मापून ठेवणे हे कोणत्याही यंत्राइतके मोलाचे. रक्तातला युरिया चढू लागला तर तो वाईट इशारा. फुटलेल्या मेदातली आम्ले कॅल्शियमशी संयोग पावून पोटात साबणासारखे खडू जमवतात, त्यामुळे रक्तातले कॅल्शियम उतरते आणि मुलाला झटके येऊ शकतात. फुफ्फुसेही सुटत नाहीत. श्वासाचा वेग वाढणे आणि रक्तातला प्राणवायू कमी होणे हे इथेही दिसते. एखादा अवयव बंद पडला आणि ४८ तासांनंतरही सावरला नाही, तर रोग गंभीर समजला जातो. लवकर सलाईन देणे हा उपचाराचा कणा आहे. २०१८ च्या बालरोगविषयक मार्गदर्शनात पहिल्या २४ तासांत नेहमीच्या गरजेच्या दीड ते दोन पट द्रव देण्याचा सल्ला आहे.

उशिराचे उपद्रव वेगळेच. ग्रंथीचा काही भाग मरतो आणि त्यात पुढे जंतू शिरू शकतात. पण पहिल्या तीन दिवसांत सी.टी. स्कॅन केला तर मेलेला भाग नीट दिसतच नाही. म्हणजे घाईने केलेले महागडे चित्र खोटा दिलासा देते आणि मुलाला विनाकारण क्ष-किरण मिळतात ते वेगळेच. ग्रंथीभोवती साचलेल्या द्रवाभोवती भिंत तयार होऊन गळू बनायला चार आठवडे लागतात. मूल बरे होऊन घरी गेलेले असते. शाळेतही जाऊ लागते आणि एक दिवस दोन घासांत पोट भरले म्हणते, उलटी करते, बरगड्यांखाली गोळा लागतो. सोनोग्राफी येण्यापूर्वी हे गळू ओळखायला बेरियम पाजून जठर कुठे सरकले आहे ते एक्स-रेवर पाहत. १९७० च्या दशकानंतर सोनोग्राफीने हे काम सोपे केले. मुलांच्या अंगात चरबी कमी असल्याने त्यांत ती मोठ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

आता कोकणात परत येऊ. त्रिनिदादचा धडा वाचलेला, पण कोकणातला विंचू न पाहिलेला एखादा डॉक्टर आपल्या आठ वर्षांच्या मुलासमोर उभा आहे असे धरा. उलटी, घाम, लाळ, पोटदुखी. अमायलेज पाठवले तर थोडे वाढलेले येईल. तो म्हणेल स्वादुपिंडदाह, आणि सलाईन सोडेल. आणि इथेच घात होऊ शकतो.

लाल विंचवाच्या विषाने कोकणात मुले दगावतात ती फुफ्फुसात पाणी होऊन, ही गोष्ट वैद्यकीय साहित्यात हळूहळू आली. १९६१ मध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होण्याबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. तरी उपचार पुष्कळ काळ अंदाजाने चालत. ॲट्रोपिन, गुंगीची औषधे, स्टिरॉइड्स. ज्याला जे सुचेल ते. ॲट्रोपिनने लाळ आणि घाम थांबतात, त्यामुळे बरे वाटल्यासारखे दिसते. पण आधीच धावणारे हृदय आणखी पळू लागते. मांत्रिकाचाही धंदा जोरात होता आणि त्याचे कारण शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. बहुतेक दंश काही न करताही बरे होतात. मंत्र म्हटला तरी आणि न म्हटला तरी. आपल्या प्रयोगातली नुसत्या पाण्याची नळी मांत्रिकाकडे नसते.

१९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरचे. दंश झालेली धडधाकट मुले काही तासांत तोंडाला फेस येऊन मरताना त्यांनी पाहिली. त्यांनी जे केले ते दिसायला साधे होते. रुग्ण आला की कोणते लक्षण किती वाजता दिसले, रक्तदाब किती होता, हातपाय गार होते की गरम, याची नोंद ठेवायची. त्या नोंदींतून एक क्रम उमटला. आधी उलट्या, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय. या वेळी रक्तदाब चढलेला असतो. मग काही तासांनी नाडी पळते, खोकला येतो, धाप लागते, गुलाबी फेस येतो. पहिल्या टप्प्यावर हृदय बंड करून उठलेले नसते. ते उठणार आहे, एवढाच सांगावा असतो. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: ज्याची दंशाची जागा भयंकर ठणकते, त्याला पुढचा धोका बहुधा कमी असतो. जो ओकतो आणि गार पडतो, त्याच्याकडे धावायचे. या पूर्वसूचक खुणांवरचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच्या शीर्षकातच ‘निदान’ हा शब्द होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. औषध पुढे आले. आधी आले ते घड्याळ लावून केलेले निदान.

विष नेमके काय करते तेही पाहू. आपल्या चेतातंतूंत संदेश जातो तो सोडियमच्या आयनांसाठी असलेली बारीक दारे उघडमीट करून. विंचवाची विषद्रव्ये त्या दारांना मिटू देत नाहीत. एका हाकेच्या जागी चेतातंतू शंभर हाका देतो आणि त्याच्या टोकांतून रसायनांचा पूर लोटतो. (लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमची दारे बंद करणारेही एक द्रव्य आहे. १९९० मध्ये वेगळे केलेले हे आयबेरिओटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळांत आज संशोधनाचे साधन म्हणून विकत घेतले जाते.) ज्या टोकांतून ॲसिटिलकोलिन सुटते ती स्वादुपिंडाला आणि लालाग्रंथींना चेतवतात. ज्यांतून ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये सुटतात ती रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला चाबूक मारतात. त्रिनिदादच्या विंचवात पहिल्याचा जोर फार: स्वादुपिंड रस गाळत सुटते आणि रस बाहेर जाण्याचे तोंड आवळलेले, मग विकरे आतल्या आत मुरतात. कोकणच्या विंचवात दुसऱ्याचे राज्य. सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यांत रक्त ढकलता ढकलता डावे हृदय दमते आणि मागे फुफ्फुसात पाणी साचते. अशा वेळी शिरेतून भराभर पाणी भरणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत बादल्या ओतणे.

कोकणातही स्वादुपिंड पूर्ण अलिप्त नसते. मुंबईचे के. राधाकृष्ण मूर्ती यांनी दाखवून दिले, की विंचवाच्या विषाने इन्सुलिनचा तोल बिघडतो. ॲड्रिनॅलिनच्या पुराखाली इन्सुलिन दबते आणि रक्तातली साखर चढते. म्हणजे स्वादुपिंडाचा संप्रेरके बनवणारा भाग इथे भरडला जातो. पचनाच्या रसाचा भाग सुजणे मात्र क्वचित.

औषध सापडले तेही या समजुतीतूनच. आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या पाहिजेत. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते गुणकारी, पण थेंबाथेंबाने द्यायचे, सतत रक्तदाब पाहत. आडगावात ते अवघड. मग उच्च रक्तदाबासाठी बाजारात असलेली प्राझोसिनची गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ मध्ये तोही निबंध लॅन्सेटमध्ये आला. मुलांना ती वजनावर, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, देतात आणि दिल्यावर आडवे झोपवून ठेवतात. उठवले तर रक्तदाब एकदम पडू शकतो. पूर्वी गंभीर रुग्णांतले ४० टक्क्यांपर्यंत दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर एका टक्क्याच्या आसपास आले. लाल विंचवाच्या विषावरची लस हाफकिनने तयार केल्यावर तीही तपासली गेली. २०११ साली बावस्कर पतिपत्नींनी महाडमधल्या ७० रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिला. प्राझोसिनबरोबर लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, तर नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. हिंमतराव बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग कोकणातल्या डॉक्टरने अमायलेज-लायपेज पाहूच नये का? पाहावे, पण क्रम लक्षात ठेवून. पहिल्या काही तासांत रक्तदाब, हातपायांचा गारवा आणि छातीतला आवाज यांवर नजर. पाणी द्यायचे ते शक्यतो तोंडाने, उलट्या-घामाने गेले तेवढे. पहिले वादळ ओसरले, हातपाय ऊबदार झाले आणि तरीही वरच्या पोटातले दुखणे आणि उलट्या हटत नसतील, तर मग लायपेज आणि सोनोग्राफी. धाप दोन्ही दुखण्यांत लागते. पण लाल विंचवाच्या दंशात ती साधारण पहिल्या दिवसाच्या आतच येते आणि आधी रक्तदाब चढलेला असतो. स्वादुपिंडदाहात ती बहुधा मागाहून येते, आणि तोवर नाडी जलद, लघवी कमी आणि रक्त दाट झालेले असते. कागदावर या दोन ओळी आहेत. रात्री दोन वाजता कंदिलाच्या नाहीतर विजेरीच्या उजेडात त्या वाचायच्या, तर सुरुवातीपासूनच्या वेळा कुणीतरी टिपून ठेवलेल्या असाव्या लागतात.

ते काम शिक्षकाला करता येते. वेळणेश्वराहून किंवा आसपासच्या एखाद्या वाडीवरून मुलाला गुहागरला वा चिपळूणला न्यायचे तर वळणावळणाच्या रस्त्याने वेळ जातो. त्या वेळात वहीच्या पानावर लिहावे: दंश किती वाजता झाला, पहिली उलटी केव्हा, आतापर्यंत किती उलट्या, घाम येतो का, तळपाय गार आहेत का, शेवटची लघवी केव्हा झाली, वाटेत काय पाजले, कोणते औषध दिले. मुलाचे वजन शाळेच्या आरोग्य तपासणीच्या नोंदीत असते, तेही लिहावे, कारण गोळीचे प्रमाण त्यावरच ठरते. दंशाची जागा कापू नये, वर दोरी आवळू नये. विंचू मारलेला असेल तर डबीत घालून बरोबर न्यावा; नसेल तर तो शोधत बसू नये, गाडी आधी काढावी.